वॉटरलाइनखालची टिपणं

आपल्याकडच्या जहाजांवर चीफ इंजिनियर म्हणजे बडासाब. त्यांच्या हाताखाली सेकंडसाब, तीनसाब, चारसाब. पहाटे चार ते आठची वॉच सेकंडसाबची. आता बऱ्याच जहाजांवर रात्री इंजिनरूम रिकामी असते. अलार्म थेट ड्यूटीवाल्याच्या केबिनमध्ये वाजतो. पण वॉचमधली फेरी गेली, तसं बरंच काही गेलं.

•

फेरी वरून खाली मारावी. आधी टर्बोचार्जर, शेवटी तळच्या प्लेटा. पंपाच्या बेअरिंगला हाताची पालथी बाजू लावायची, मग स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ कानाशी. तापमान स्क्रीनवरही दिसतं. हा आवाज काल नव्हता, हे मात्र काल ऐकणाऱ्यालाच कळतं.

•

हेवी ऑइल गार असताना डांबरासारखं असतं. इंजिनात फवारण्याआधी ते साधारण १३० अंशांपर्यंत तापवावं लागतं. १ जानेवारी २०२० पासून इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५० वरून ०.५० टक्क्यांवर आली. हवेसाठी चांगलंच झालं. पण दोन बंदरांतलं नवं तेल एका टाकीत मिसळलं आणि जमलं नाही, तर गाळ धरतो. मग प्युरिफायर आणि फिल्टर उघडता उघडता रात्र जाते.

•

बंदरात इंजिन थांबलं की स्कॅव्हेंजमध्ये शिरून पोर्टमधून पिस्टनच्या रिंगा बघायच्या. टॉर्च लावायचा, लाकडी काठीने रिंग दाबायची. दाबून सोडल्यावर उसळली तर शाबूत. नाही उसळली, तर अडकली किंवा तुटली. हजारो अश्वशक्तीच्या इंजिनाची तब्येत अशी काठीने तपासतात.

•

११ सप्टेंबर १९४७. उत्तर आयर्लंडजवळ ‘रेना डेल पॅसिफिको’ जहाजाच्या चाचण्या चालू असताना क्रँककेसचा स्फोट झाला. २८ माणसं गेली. आत एखादा भाग फार तापला की त्यावर पडलेल्या तेलाची वाफ होते, ती गार होऊन पांढरं धुकं बनतं, आणि तीच तापलेली जागा ते धुकं पेटवते. म्हणून मिस्टचा अलार्म आला की आधी वेग उतरवायचा, दारांसमोरून माणसं हटवायची. आणि इंजिन गार होईपर्यंत क्रँककेस उघडायचा नाही. काय झालंय ते बघायला हात शिवशिवतात, तरीही नाही. बाहेरची हवा आत गेली की सगळं पुन्हा पेटू शकतं.

•

२६ मार्च २०२४ च्या पहाटे बाल्टिमोरला ‘डाली’ची वीज गेली आणि जहाज पुलाच्या खांबावर आदळलं. पुलावर काम करणारे सहा मजूर मेले. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. अमेरिकी तपासात पहिल्या ब्लॅकआउटचं मूळ सापडलं ते एका सैल वायरीत: नावाची पट्टी आड आल्यामुळे ती टर्मिनलमध्ये पूर्ण बसलीच नव्हती. जवळपास ३०० मीटरचं जहाज, आणि कारण बोटाच्या पेराएवढं. स्विचबोर्डाची जोडणी तपासणं हे कंटाळवाणं काम आहे. पण माणसांचे जीव त्यावर असतात.

•

नियमाने चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती, आठवड्यात सत्त्याहत्तर. कागद बहुतेकदा चोख भरलेला असतो. पण बंकर, ओव्हरहॉल आणि स्टँडबाय एकाच दिवशी आले की झोप कुठून काढणार? माणसं कमी केली की खर्च वाचतो, तो या झोपेतून वाचतो. थकलेल्या माणसाला नवा आवाज ऐकू येत नाही. तास खरे लिहावेत आणि कमी पडले तर बडासाबांनी काम थांबवावं. तो त्यांचा अधिकार आहे, आणि कर्तव्यही.

•

नवा ज्युनियर आला की पहिल्या आठवड्यात त्याच्या हाती टॉर्च आणि ड्रॉइंग द्यावं, एकेक पाइप हाताने धरून शोधायला लावावं. सुरुवात इमर्जन्सी बिल्ज सक्शनच्या व्हॉल्व्हपासून. तो फिरतो का, हे त्याने स्वतः फिरवून बघावं. इंजिनरूममध्ये पाणी शिरेल तेव्हा विचारायला शेजारी कुणी असेलच असं नाही.