‘माझ्यापाशी आयरिश आहे’

साहित्याच्या अभ्यासक्रमात आयर्लंड आम्हांला भेटते ते इंग्रजीतून. येट्स, सिंज, शॉ, जॉइस, अलीकडचा हीनी ही मंडळी इंग्रजी साहित्याच्या इतिहासात इतकी सुखाने नांदतात, की त्यांच्या बेटाला स्वतःची एक भाषा होती आणि ती आजही आहे, ही गोष्ट अध्यापनात तळटीपेपुरतीच येते. आमच्या मते ही तळटीप मूळ संहितेचाच भाग आहे.

सिंजची ‘रायडर्स टू द सी’ (१९०४) ही एकांकिका आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली आहे. तिच्यातले इंग्रजी असे वेगळे का, हा प्रश्न वर्गात हमखास निघतो. ‘ग्रामीण बोली’ एवढे उत्तर देऊन पुढे जाता येते. पण त्याने प्रश्न मिटत नाही. सिंज १८९८ पासून अ‍ॅरन बेटांवर वारंवार जाऊन राहिला. तिथली माणसे आयरिश बोलत. त्या भाषेचे वाक्य त्याने इंग्रजीत उतरवले. ‘मी नुकताच जेवलो’ हे आयरिश वळणाच्या इंग्रजीत ‘मी जेवल्यानंतरचा आहे’ अशा धाटणीने येते. कातडी इंग्रजी आणि हाड आयरिश, असा हा प्रकार. म्हणजे गमावलेली भाषा गमावून पुरती जात नाही. जिच्यासाठी तिला सोडले त्याच भाषेच्या पोटात ती शिरून बसते.

ती सोडली गेली कशी? परकी राजवट हे उत्तर खरे आहे, परंतु अपुरे आहे. १८३१ मध्ये राष्ट्रीय शाळांची योजना सुरू झाली, तिचे माध्यम इंग्रजी. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला. त्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसे मेली आणि जवळजवळ तितकीच देशोधडीला लागली. सर्वांत मोठा घाव पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या गरिबांवर बसला, आणि आयरिश ही मुख्यतः त्यांचीच भाषा होती. मागे उरलेल्यांना एवढे कळून चुकले, की मुलाला जहाजावर चढवायचे तर त्याच्या तोंडी इंग्रजी हवी. भाषेचा त्याग आईबापांनी केला, आणि तो मुलांवरच्या मायेपोटी केला. या शोकान्तिकेत खलनायक शोधणे सोपे नाही, म्हणूनच ती अधिक अस्वस्थ करते.

पुढची कथा पुनरुज्जीवनाची. प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाचा मुलगा असलेल्या डग्लस हाइडने १८९२ मध्ये डब्लिनला व्याख्यान देऊन आयर्लंडच्या इंग्रजीकरणावर बोट ठेवले. दुसऱ्या वर्षी गेलिक लीग स्थापन झाली. भाषा कोणत्याही पंथाची वा पक्षाची नसावी, असा हाइडचा आग्रह होता. १९१५ मध्ये लीगने राजकीय ध्येय स्वीकारले, तेव्हा त्याने अध्यक्षपद सोडले. तोच हाइड १९३८ मध्ये देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. त्याच्या आदल्या वर्षीच्या राज्यघटनेने आयरिशला राष्ट्रभाषा आणि पहिली राजभाषा ठरवले, इंग्रजी दुसरी. शाळेत विषय सक्तीचा झाला. १९७३ पर्यंत आयरिशमध्ये नापास होणारा शालान्त परीक्षेतच नापास ठरे. प्रेमाची वस्तू अशा रीतीने परीक्षेची वस्तू झाली.

२०२२ च्या जनगणनेत १८ लाख ७३ हजारांहून अधिक लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असे नोंदवले. शाळा-कॉलेजाबाहेर रोज बोलणारे ७२ हजारांच्याही आत निघाले. या दोन आकड्यांमधली दरी म्हणजेच ‘अस्मितेची भाषा’. जिला सगळे मान देतात आणि जिच्यात फार थोडे भांडतात, ती भाषा ध्वजासारखी होते. ध्वज फडकवायचा असतो; तो कोणी अंगावर पांघरत नाही.

आयरिश भाषेची स्वतःबद्दलची समजूत मात्र निराळी आहे. आयरिशमध्ये इंग्रजीसारखे ‘बाळगणे’ या अर्थाचे क्रियापद नाही. मराठीतही आपण ‘माझ्यापाशी पुस्तक आहे’ असेच म्हणतो. आयरिश माणूस ही रचना भाषेलाही लावतो : ‘माझ्यापाशी आयरिश आहे.’ आपली भाषा आपल्याला ‘येते’; त्याची त्याच्यापाशी ‘असते’. यात अभिमानाचा सूर नाही. काठी, चिलीम किंवा शेजारी जवळ असावा तशी भाषा जवळ आहे, एवढेच.

मार्टिन ओ काइन याला हे नेमके ठाऊक होते. हा कॉनमाराचा शाळामास्तर. राजकारणापायी दुसऱ्या महायुद्धात स्थानबद्ध झालेला. १९४९ मध्ये त्याची ‘क्रे न किले’ ही कादंबरी आली. तीत सगळी पात्रे मेलेली आहेत आणि थडग्यात पडून अखंड बोलताहेत. नव्याने पुरलेल्या कॅट्रिओनाची चिंता कोणती? तर आपल्याला एक पौंडाच्या जागेत पुरले की पंधरा शिलिंगांच्या. त्याखेरीज आपल्यामागे जिवंत राहिलेल्या धाकट्या बहिणीचा मत्सर आहेच. देश, अस्मिता, वारसा यांची तिला पर्वा नाही. जी भाषा मेली म्हणून सारे हळहळत होते, तिच्यातले मेलेले लोकही गप्प बसायला तयार नाहीत! भाषेच्या बाजूने याहून जबर युक्तिवाद आमच्या वाचनात नाही. या कादंबरीचे इंग्रजी भाषांतर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे ६६ वर्षे ती इंग्रजी वाचणाऱ्या जगाला बंदच होती, आणि आमच्या अभ्यासक्रमांनाही.

या कहाणीत मराठीचे भविष्य वाचण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे ८ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा असलेल्या मराठीची गोष्ट वेगळी आहे. तरीही साहित्याच्या विद्यार्थ्याने आयर्लंडकडून एक गोष्ट जरूर घ्यावी. भाषेचा गौरव किती होतो यावर तिची प्रकृती कळत नाही. तिच्यात क्षुद्र, खाजगी, बिनकामाचे असे किती बोलले जाते, यावर कळते. जनगणना विचारते, ‘बोलता येते का?’ ओ काइनची मढी तो प्रश्न ऐकायला थांबत नाहीत; त्यांना शेजारच्या थडग्यातले नवे वर्तमान हवे असते.