पाझराची नोंदवही

पाटबंधारे खात्यात ज्यांची उमेदीची वर्षे सरली, त्यांना धरणाचे दर्शन इतरांहून वेगळे घडते. काठोकाठ भरलेला जलाशय आणि सांडव्यावरून कोसळणारे शुभ्र पाणी पाहून प्रवासी जेव्हा हरखून जातो, तेव्हा आमच्यासारख्यांची नजर आपसूक भिंतीच्या पायथ्याकडे वळते, आणि गेल्या पावसाळ्यात जिथे नुसती ओल होती तिथे यंदा धार तर लागलेली नाही ना, याची खात्री झाल्यावाचून जिवाला स्वस्थता लाभत नाही.

ही दृष्टी मला दिली ती एका चौकीदाराने. कनिष्ठ अभियंता म्हणून मी ज्या मातीच्या धरणावर रुजू झालो, तेथे तो कित्येक वर्षे मुक्कामाला होता. मातीचे धरण अगदी कोरडे कधीच नसते. त्याच्या पोटातल्या चिकणमातीच्या गाभ्यातून थोडे पाणी झिरपतेच, आणि ते निर्धोकपणे बाहेर पडावे म्हणून वाळू-खडीचे गाळण घालून पायथ्याशी चर काढलेला असतो. या चरातले पाणी तो गृहस्थ दर आठवड्याला काचेच्या बाटलीत भरी, तीवर तारखेची चिठ्ठी डकवून चौकीच्या खिडकीत ठेवी आणि दुसऱ्या दिवशी तळाशी किती साका बसला ते निरखी. "साहेब, पाणी किती येतंय ते मागनं बघा, आधी नितळ हाय का गढूळ, ते बघा," असे त्याने मला पहिल्याच फेरीत बजावले. त्याचे म्हणणे अक्षरशः शास्त्रशुद्ध होते. कारण पाझर गढूळ झाला याचा अर्थ पाणी धरणाची स्वतःची माती वाहून नेऊ लागले, आणि अशी वाट एकदा पडली की ती आतल्या आत जलाशयाच्या दिशेने पोखरत जाते व शेवटी दुरुस्तीला दिवस नव्हे, तासही मिळत नाहीत. भरावावर उगवलेली बाभळीची रोपे बोटभर असतानाच तो उपटून काढी. झाड मेले की त्याची मुळे कुजतात आणि त्या पोकळीतून पाण्याला आयती वाट मिळते, हे त्याला कोणी शिकवावे लागले नव्हते.

पुढे एका जुन्या दगडी धरणावर बदली झाली, तेव्हा पोटातल्या गॅलरीतून कंदील घेऊन चालताना धरणाच्या वार्धक्याचे दुसरे रूप दिसले. दोन्ही अंगांच्या भिंतींवर चुन्याचे पांढरे पापुद्रे जमले होते. सांध्यांतून झिरपणारे पाणी बांधकामातला चुना विरघळवून बाहेर आणते आणि तो हवेत थिजतो. याच चुन्याने निचऱ्याची भोकेही हळूहळू बुजत जातात. बुडाखाली शिरलेले पाणी भिंतीला वर उचलू पाहते, या दाबाची पुरती जाणीव स्थापत्यशास्त्राला झाली ती फ्रान्समधले बूझे धरण १८९५ साली फुटल्यानंतर; तो दाब उतरवणे हेच या भोकांचे काम. म्हणूनच गॅलरीच्या टोकाशी पाझर मोजण्यासाठी बसवलेल्या व्ही-नॉचवरून वाहणारे पाणी घटलेले दिसले, तर वरच्या कचेरीत 'गळती कमी झाली' असा समाधानाचा शेरा पडे, आणि जागेवरच्या माणसाच्या मनात मात्र भोके तर तुंबली नाहीत ना, अशी शंका येई. त्याच दिवशीची जलाशयाची पातळी शेजारी मांडल्याशिवाय पाझराचा आकडा बोलतच नाही. गळतीची दखल वेळीच घेतली की काय साधते, याचा दाखला म्हणजे प्रवरेवरील भंडारदऱ्याचे धरण; ते १९२६ साली पुरे झाले. त्याला १९६९ साली तडे गेल्याचे आणि मोठी गळती लागल्याचे आढळताच ते खालच्या अंगाने नवे आधार बांधून बळकट करण्यात आले, व म्हणून ते आजही उभे आहे. वार्धक्य हा असाध्य रोग नव्हे. त्याचे निदान वेळेवर व्हावे लागते, इतकेच.

धरण केवळ आपल्या दगडचुन्यात म्हातारे होते असेही नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे नवे, अद्याप अपुरे असलेले मातीचे धरण फुटले आणि त्याच्या लोंढ्याने त्याच दिवशी खडकवासल्याचे आठ दशकांचे दगडी धरणही फोडले, हे पुण्यात कोणाला सांगावे लागत नाही. परंतु त्यातला एक धडा सहसा उच्चारला जात नाही. खडकवासल्याच्या भिंतीवर जे पाणी आले, ते तिच्या बांधणाऱ्यांनी कल्पनेतही धरले नव्हते, कारण त्यांच्या काळी वर दुसरे धरणच नव्हते. जुन्या धरणाच्या वर नवी धरणे होतात, पर्जन्यमानाच्या नोंदी वाढत गेल्या की महापुराचा जुना अंदाज तोकडा ठरतो, गाळ साठवणीची जागा खातो, आणि खाली नदीच्या पात्रापर्यंत घरे व उसाचे मळे येऊन भिडल्यामुळे दरवाजे वेळेवर उघडण्याचीही पंचाईत होते. धरण जिथल्या तिथे असते, भोवतालचे जग मात्र पार बदलून जाते.

माझ्या सेवेच्या उत्तरार्धात मी निचऱ्याची भोके पुन्हा खोदून साफ करण्याचा प्रस्ताव अंदाजपत्रकासह वर पाठविला होता. 'तूर्त तरतूद नाही, निधी उपलब्ध होताच विचार व्हावा' हा शेरा घेऊन तो दोनदा परत आला. त्याच सुमारास त्याच दप्तरातून नव्या कामांच्या भूमिपूजनाला मंजुऱ्या निघत होत्या. याहून अधिक व्यथित केले ते दुसऱ्या एका गोष्टीने : चौकीदार निवृत्त झाला की त्याची जागा रिकामीच राही, आणि नोंदवहीतला रकाना कोरा पडे. तुटलेली नोंद पुन्हा जोडता येत नाही. मागच्या वीस वर्षांचा पाझर ठाऊक असल्याशिवाय आजच्या पाझराला भ्यावे की नाही, हे मोठ्यातला मोठा तज्ज्ञही सांगू शकत नाही.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील लहानसे मातीचे धरण फुटून विसांच्या वर माणसे दगावली, तेव्हा मन सुन्न झाले ते एवढ्यासाठी की गळतीची तक्रार तिथल्या ग्रामस्थांनी आधीच केलेली होती. पाहणारे डोळे होते, सांगणारे तोंड होते. ऐकणारा कान तेवढा नव्हता. त्यानंतर २०२१ साली धरण सुरक्षा कायदा झाला, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक ठरली, ही फार मोलाची गोष्ट होय. परंतु देशातील सर्वाधिक मोठी धरणे, दोन हजारांहून अधिक, ज्या महाराष्ट्रात आहेत, तेथे वर्षाकाठी दोन तपासण्यांच्या मधले दिवस कोणी सांभाळायचे? ते काम चौकीदाराचेच आहे, म्हणून त्याची रिकामी जागा नव्या कोनशिलेच्या आधी भरली गेली पाहिजे. आणि तपासणीचा अहवाल दप्तरात बांधून न ठेवता, जलाशयाची पातळी, पाझराचे मान व पाणी नितळ की गढूळ, एवढा तपशील तरी धरणाखालच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर दर आठवड्याला लागावा, अशी माझी कळकळीची मागणी आहे. कारण धरण फुटले तर ज्यांच्या उंबऱ्यात ते पाणी शिरणार, त्यांचा त्या आकड्यांवरचा हक्क कोणत्याही अंमलदाराहून आधीचा आहे.