बोरिवलीहून मुलुंडास

प्रवासवर्णन म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें काशी-रामेश्वर, हिमालय, फार तर विलायत उभी राहते. आम्ही आज ज्या प्रवासाची हकीकत सादर करणार आहों, तो एका दिवसांत जाऊन येण्याचा, एकाच महानगरपालिकेच्या हद्दींतला, आणि नकाशावर सरळ रेघ ओढली तर अवघा बारा किलोमीटरांचा आहे. तो घडून येण्यास मात्र चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला. असें कां व्हावें, याचें उत्तर कांहीं अंशीं या प्रदेशाच्या भूगोलांत आहे व कांहीं अंशीं मनुष्यस्वभावांत. दोन्ही गोष्टी वाचकांच्या घरींही थोड्याबहुत फरकानें आढळतील, असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

आज ज्यांस आपण मुंबईचीं उपनगरें म्हणतों, तीं बहुतेक पूर्वीच्या साष्टी बेटावर वसलेलीं आहेत. सहासष्ट गांवांचें बेट म्हणून षट्षष्टि, व तिचेंच पुढें साष्टी झालें, अशी या नांवाची व्युत्पत्ति सांगतात. या बेटाच्या मधोमध डोंगरांची रांग आहे. शिलालेखांत ज्याचा कण्हगिरि, म्हणजे कृष्णगिरि, असा उल्लेख येतो, तो कान्हेरीचा डोंगर त्यांतलाच. त्याच्या अंगावर बौद्ध भिक्षूंसाठीं कोरलेलीं शंभराहून अधिक लेणीं आहेत. जवळच विहार व तुळशी हे तलाव. पहिला १८६० च्या सुमारास व दुसरा १८७९ सालीं मुंबईच्या पिण्याच्या पाण्यासाठीं बांधला गेला. भोंवतालचें अरण्य संजय गांधी राष्ट्रीय उद्यान या नांवानें राखलेलें असून त्यांत बिबटे नांदतात. या डोंगराच्या पश्चिमेस बोरिवली व पूर्वेस मुलुंड.

१६ एप्रिल १८५३ रोजीं हिंदुस्थानांतली उतारूंची पहिली आगगाडी बोरीबंदराहून ठाण्यास गेली, ती या डोंगराच्या पूर्वेकडून. पश्चिमेकडचा लोहमार्ग दुसऱ्या कंपनीचा. त्यावर १८६७ सालीं विरारहून मुंबईस गाडी येऊं लागली. कंपन्या दोन, मार्ग दोन, पण दोहोंचें तोंड दक्षिणेस. कारण लोकांचा चरितार्थ तिकडे होता. डोंगराच्या एका बाजूच्या माणसास दुसऱ्या बाजूस जावेंसें वाटेल, ही कल्पना त्या आंखणींत नव्हती. १९५७ सालीं मुंबई महापालिकेची हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली, आणि बोरिवली व मुलुंड हीं कागदोपत्रीं एकाच शहराचीं झालीं. तरी गाडीनें जावयाचें तर सुमारें चोवीस किलोमीटर दक्षिणेस दादरपर्यंत उतरावें, तेथें पूल चढून मार्ग बदलावा, आणि जवळजवळ तितकेंच पुन्हां उत्तरेस यावें, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या राहिला. बारा किलोमीटरांचे असे शेंचाळीस होत. डोंबिवलीचा वा विरारचा माणूस रोज भेटे. डोंगरापलीकडचा मात्र परदेशस्थासारखा होऊन बसे.

आमचे वर्गबंधु असेच डोंगरापलीकडचे. आम्ही दोघेही मूळचे वाईचे. कृष्णाकाठच्या शाळेंत पांचवीपासून जुन्या अकरावीपर्यंत एका बाकावर बसलों, आणि १९७४ सालीं शालान्त परीक्षा दिली. संस्कृतांत दोघांची चुरस असे. जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळावी अशी दोघांचीही आकांक्षा होती, व ती दोघांसही मिळाली नाहीं. घरची परिस्थिति बेताची असल्यामुळें पुढें महाविद्यालयांत कोणीच गेलों नाहीं. ते मामांकडे मुंबईस आले, यंत्रकाम शिकले, आणि मुलुंडच्या एका कारखान्यांत लागले. आम्ही वाईंतच शास्त्रीबुवांपाशीं संस्कृत शिकून व अध्यापनाची परीक्षा देऊन १९७९ सालीं बोरिवलीच्या एका शाळेंत रुजू झालों. पहिलीं कांहीं वर्षें पत्रें जात-येत. मग त्यांनीं बिऱ्हाड बदललें, आम्हीही बदललें, आणि पत्रें थांबलीं. आमची शाळा सकाळची. त्यांची पाळी कधीं दिवसाची, कधीं रात्रीची. भांडण नव्हतें, अबोला नव्हता. केवळ कारण पडलें नाहीं. त्यांच्या पत्नी निवर्तल्या ही वार्ताही आम्हांस वाईहून कळली, आणि ती दीड वर्षानें. डोंगरापलीकडची बातमी बोरघाट व खंबाटकी ओलांडून गांवीं गेली, आणि तेच घाट उतरून आमच्याकडे आली.

३ डिसेंबर २०२४ रोजीं शिवाजी पार्कवर क्रिकेटचे गुरु रमाकांत आचरेकर यांच्या स्मारकाचें अनावरण झालें. त्या प्रसंगीं त्यांचे दोन शिष्य, सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी, एकमेकांस भेटले. शारदाश्रम शाळेच्या या दोन मुलांनीं फेब्रुवारी १९८८ मध्यें आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यांत नाबाद ६६४ धावांची भागी केली होती. कांबळी कांजूरमार्गचे, म्हणजे पूर्वेकडच्या लोहमार्गावरचे. तेंडुलकरांचें घर वांद्र्यास, पश्चिमेकडच्या मार्गावर. ते दोन मार्ग दादरला एकत्र येतात, आणि दादरलाच त्यांची शाळा. स्मारकाच्या कार्यक्रमांत कांबळी खुर्चीवर बसलेले होते. तेंडुलकर त्यांच्याजवळ गेले, आणि कांबळींनीं त्यांचा हात धरून ठेवला. हें दृश्य घरोघर पाहिलें गेलें. आम्हांस क्रिकेटांतलें फारसें कळत नाहीं. पण धरलेला हात कोणालाही कळतो. दुसऱ्याच दिवशीं वाईच्या एका मित्राकडून आम्हीं मुलुंडचा दूरध्वनीचा क्रमांक मिळविला, आणि माघांत, म्हणजे २०२५ च्या फेब्रुवारींत, जाण्याचें ठरलें.

आतां दादरचा वळसा घेण्याची गरज राहिलेली नाहीं. ८ जून २०१४ पासून वर्सोवा ते घाटकोपर अशी ११.४ किलोमीटरांची मेट्रो सुरू झाली आहे. तिचीं स्थानकें बारा. उपनगरांतल्या दोन लोहमार्गांना पूर्व-पश्चिम जोडणारी ही मुंबईंतली पहिली मेट्रो होय. बरोबर आमचा नातू होता, कारण अंधेरीच्या पुलावरच्या गर्दींत आमच्या वयाच्या माणसानें एकट्यानें शिरणें शहाणपणाचें नव्हे. अंधेरीस गिल्बर्ट टेकडी म्हणून काळ्या पाषाणस्तंभांचा सुमारें दोनशें फूट उंचीचा सुळका आहे. तो साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा, असें भूगर्भवेत्ते सांगतात. ही माहिती नातवास सांगितली तेव्हां तो म्हणाला, “मग आजोबा, तुमच्या एकावन्न वर्षांचें काय एवढें!”

मेट्रो घरांच्या गच्च्यांच्या उंचीवरून जाते. चकाला, मरोळ, साकीनाका मागें पडले. असल्फ्यापाशीं टेकडीवर एकावर एक चढलेलीं घरें दिसलीं, आणि थोड्याच वेळांत घाटकोपर आलें. पूर्वीं रस्त्यानें याच अंतरास तास-सवा तास सहज लागे. घाटकोपरहून जुन्या लोहमार्गानें विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर करीत मुलुंडकडे निघालों. डाव्या हातास डोंगर दिसूं लागला. बोरिवलीस याच डोंगराआडून उगवणारा सूर्य आम्हीं चाळीस-पंचेचाळीस वर्षें पाहिला. येथील लोक सूर्य त्याच्याआड मावळतांना पाहतात. एकाच डोंगराला दोन बाजू असतात ही गोष्ट आम्हीं भूगोलाच्या तासाला कितीदां शिकविली असेल. पाहिली मात्र त्या दिवशीं.

आमच्या मित्राचें घर महाकवि कालिदास नाट्यमंदिरापासून जवळच आहे. दार त्यांच्या सूनबाईंनीं उघडलें. “या काका, बाबा सकाळपासून चार वेळां विचारून झाले,” असें म्हणून तिनें आंत नेलें. ते खिडकीशीं बसले होते. आमच्या दिशेनें त्यांनीं मान वळविली, पण नजर आमच्या खांद्यावरून पलीकडे गेली. काचबिंदूनें त्यांची बरीचशी दृष्टि हिरावली आहे, हें दूरध्वनीवर त्यांनीं सांगितलें नव्हतें. आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच पायरव ऐकून ते म्हणाले, “कोण, तूं का रे? बैस. तास केव्हांच सुरू झाला.”

त्या एका ‘रे’नें आमची स्थिति कशी झाली, हें सांगणें कठीण आहे. आम्हांस विद्यार्थी ‘सर’ म्हणत. शेजारी ‘गुरुजी’ म्हणतात. घरांत ‘बाबा’ व ‘आजोबा’. वडील गेले, आई गेली, थोरले बंधु गेले, आणि त्यांच्याबरोबर आम्हांस एकवचनानें हांक मारणारीं माणसेंही गेलीं. मान वाढतो तसें एकवचन आटत जातें. शेवटीं मनुष्य सर्वांचा पूज्य होतो, आणि त्याचें बाळपण पाहिलेला एकही साक्षीदार उरत नाहीं. वर्गबंधु तेवढा तो अधिकार राखून असतो. कृष्णाबाईच्या उत्सवांत आम्ही कोठें हरवलों होतों, पाटीवर कोणाचें चित्र काढून मार खाल्ला होता, हें आज या जगांत सांगूं शकणारा तो एकच मनुष्य. तो गेला म्हणजे तेवढें आयुष्य आमच्याही हातून जातें, कारण पडताळून पाहण्यास कोणी राहत नाहीं.

आपल्या पुराणेतिहासांत सहाध्यायांच्या भेटी दोन प्रसिद्ध आहेत. द्रोण द्रुपदाकडे गेले, तेव्हां द्रुपदानें राजा व दरिद्री यांची मैत्री कसली असें विचारलें. त्यांतून केवढें वैर वाढलें हें सर्वश्रुत आहे. सुदामा द्वारकेस गेला त्या कथेंत आपणांस पोहे व सोन्याची नगरी आठवते. परंतु भागवतांत श्रीकृष्ण पोह्यांकडे वळण्यापूर्वीं दुसरीच गोष्ट काढतो. सांदीपनींच्या घरीं असतांना सर्पण आणण्यास रानांत गेलों, वादळ-पाऊस झाला, आणि रात्रभर एकमेकांचा हात धरून फिरत राहिलों, हें तो आधीं आठवून देतो. द्रुपदानें मित्राचें आजचें मोल केलें. कृष्णानें कालची रात्र विचारली. आम्हीही त्या दिवशीं निवृत्तिवेतन, मुलांच्या नोकऱ्या व घरांचे भाव या विषयांस हात लावला नाहीं. तीन तास वाईच्या घाटावरच होतों.

निघतांना त्यांनीं कपाटांतून रघुवंशाची प्रत काढविली. कारखान्यांत असतां वर्षानुवर्षें ते रात्रपाळीच्या सुटींत ती वाचीत. काचबिंदूनें गेलेली दृष्टि परत येत नाहीं. उरलेली तेवढी औषधानें राखावयाची. तेव्हां ठरलें असें कीं, महिन्यास एक सर्ग आम्हीं मुलुंडास जाऊन वाचावा. सर्ग एकोणीस आहेत. आम्हीं पहिला चरण म्हणावा, आणि पाठ असेल तेथें पुढचे तीन त्यांनीं म्हणावे, असा आमचा प्रघात पडला आहे. सात सर्ग झाले. आठव्यांत इंदुमतीच्या मृत्यूनंतरचा अजाचा विलाप आहे. त्यांच्या घरांतली खालीं पडलेली जागा आम्हांस ठाऊक असल्यामुळें तो सर्ग सोडून नववा घ्यावा का, असें आम्हीं विचारलें. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “नको, वाच. एवढ्यासाठींच तूं आलास.” तो सर्ग आम्हीं संथपणें, शेवटपर्यंत वाचला. त्या दिवशीं त्यांनीं एकही चरण म्हटला नाहीं.

गोरेगांवाहून मुलुंडास व बोरिवलीहून ठाण्यास डोंगराखालून बोगदे काढण्याच्या कामांचें भूमिपूजन जुलै २०२४ मध्यें झालें आहे. तीं कामें पुरीं झालीं म्हणजे साष्टीच्या दोन्ही बाजू खऱ्या अर्थानें एक होतील. परंतु साठी उलटलेल्या माणसांनीं बोगद्याची वाट पाहूं नये. वाचकांच्या घरांत आजोबा असतील, आजी असतील. त्यांच्या बाकावर कोण बसत असे, तें माणूस आज कोठें आहे, एवढें त्यांस एकदां विचारून पाहावें. नांव तत्काळ सांगतील. पत्ता बहुधा ठाऊक नसेल. तो शोधून काढणें आजच्या मुलांस अवघड नाहीं. मग एखाद्या रविवारीं त्यांस हात धरून पूल चढवावा, गाडींत बसवावें, आणि त्या घरीं पोंचवून आपण बाहेरच्या खोलींत स्वस्थ बसावें. आंतून ‘अरे’ किंवा ‘अगं’ असा शब्द ऐकूं आला म्हणजे प्रवास सफल झाला असें समजावें.