पट्टा आवरतो, भोक बुजवत नाही

ठाणे

ती. काकांस,


शंभर वर्षांपूर्वी कल्याण-डोंबिवलीकडची माणसं अंतर्गळावर पट्टा बांधून जन्म काढत, मग आता कापाकापी कशाला, असं तुम्ही लिहिलंत. त्या माणसांना मी अडाणी म्हणणार नाही. १९१० च्या सुमाराला पट्टा घेणं शहाणपणाचंच होतं. कल्याणची आगगाडी १८५४ पासून होती, भायखळ्याला उतरलं की जे. जे. रुग्णालय जवळ. सर्जन बासिनीने इटलीत जांघेतली भिंत शिवून घेण्याची नवी रीत १८८७ मध्ये मांडलेली होती. पण जखम चिघळली तर हाताशी औषध नव्हतं, पेनिसिलिन यायला चाळीसचं दशक उजाडलं. गुंगीला क्लोरोफॉर्म, आणि वर दोन-तीन आठवडे पाठ टेकून पडायचं. हातावर पोट असलेल्याने तेवढे दिवस घर कसं चालवायचं?

आता पट्टा करतो काय ते बघा. जांघेत स्नायूंची भिंत विरते आणि तिथून आतडं बाहेर येतं. सकाळी उताणं असतानाच फुगवटा हलक्या हाताने आत सारायचा, त्या जागी गादी बसवायची, पोलादी पट्टी कमरेला आवळायची, मगच उभं राहायचं. क्रम चुकला आणि आतडं बाहेर असताना पट्टा चढवला, तर गादी आतड्यालाच चेपते. शिवाय आपल्याकडचा घाम, कातडी सोलवटते ती वेगळीच. एवढं सोसून पट्टा काढला की फुगवटा परत हजर, कारण भिंत सांधणं हे त्याचं कामच नव्हे. आयुर्वेदाचा दाखला तुम्ही द्याल. पण सुश्रुतानेही जड ओझं, बलवानाशी झुंज, झाडावरून पडणं ही कारणं सांगून, आतडं अंडकोशात उतरण्याआधी जांघेत डाग देऊन वाट बंद करायला सांगितलं आहे. उतरल्यावर त्याने ते असाध्य मानलं. युरोप-अमेरिकेत काही डॉक्टर दाहक औषधाची सुई टोचत, तीही व्रणाने तीच वाट बुजावी म्हणून. तो व्रण भरवशाचा नव्हता.

“तरी काही बरे झालेच ना?” झाले, तान्ही मुलं. बेंबीचा फुगवटा बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांत आपोआप मिटतो. श्रेय मिळतं बेंबीवर बांधलेल्या नाण्याला. मोठ्या माणसाच्या जांघेतली वाट अशी मिटत नाही.

तुमचा दुसरा आक्षेप वजनदार आहे: डॉक्टरच कधी कधी थांबा म्हणतात. खरं आहे. २००६ मध्ये अमेरिकेत ७२० पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, सगळे फारसा त्रास नसलेले. शस्त्रक्रिया न करता थांबलेल्यांत आतडं अडकण्याचं प्रमाण वर्षाला हजारी दोनहूनही कमी निघालं. म्हणजे घाई नको, हे मान्य. पण दहा वर्षांत त्यांतल्या जवळजवळ दोन तृतीयांशांनी शस्त्रक्रिया करून घेतली, मुख्यतः दुखणं वाढलं म्हणून. थांबणं हा उपाय नाही, मुदत आहे, आणि तीही सर्जनने तपासून दिलेली हवी. आज जाळी बसवून बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. १९१० चं भय आता कशासाठी बाळगायचं?

तोवर एवढं ऐका. फुगवटा कडक झाला, दुखू लागला, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, तर तो दाबत बसू नका, पट्टाही चढवू नका. काही तासांत आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो. रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता थेट कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय गाठा, आणि निघताना मला फोन करा.

आपला,
पुतण्या