सापडल्याचा हर्ष

बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरील आमच्या मुडबीत एकाच ओसरीवर मराठी, कानडी आणि दखनी अशा तीन बोली ऐकू येतात. क्षमेला या तिन्हींत भारदस्त शब्द आहेत. परंतु भांडण मिटविताना ते सहसा कोणी वापरीत नाही. मराठी माणूस ‘सोडून दे’ म्हणतो, कानडी माणूस ‘बिडु’ म्हणतो, अर्थ एकच. आणि वाचकहो, तोंडाने सोडून दिलेली गोष्ट मनाने किती घट्ट धरून ठेवलेली असते, हे तुम्हांस सांगावयास नको.

त्यामुळेच की काय, देवाची क्षमासुद्धा आपल्याला अशीच वाटते, हिशेब राखून, नाइलाजाने दिलेली. उपवासकाळात पापनिवेदनाच्या रांगेतील चेहरे पाहावेत. सारा थकलेला शेतकरी तहसील कचेरीच्या पायरीवर उभा राहतो, तसे ते दिसतात. धर्मगुरु पापमुक्ती देतात, मनुष्य बाहेर येतो आणि ओझे उतरले एवढ्यावर समाधान मानून घराची वाट धरतो. ओझे उतरते हे खरेच. परंतु आपल्या येण्याने दुसऱ्या कोणाला आनंद झाला असेल, हे त्याच्या मनातही येत नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय या दृष्टीने वाचून पाहावा. मेंढरू हरवते. आमच्याकडे तुरीच्या उभ्या पिकात एखादे मेंढरू शिरले, तर धनगर प्रथम त्याच्या नावाने चार शिव्या हासडतो. प्रभु येशूने सांगितलेला मेंढपाळ मात्र त्याला खांद्यावर घेतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना जमवितो. बाईचे नाणे हरवते. निजामाच्या राजवटीतील हाली रुपया गाठीला जपून ठेवणाऱ्या आमच्या आज्यांना तिची तळमळ वेगळी समजावून द्यावी लागली नसती. ती दिवा लावते, घर झाडते, आणि नाणे सापडताच मैत्रिणींना हाका मारते. आता त्या नाण्याने काय केले? काही नाही. ते पडल्या जागी पडून होते. या दाखल्यांतला हर्ष हरवलेल्याचा नव्हे, शोधणाऱ्याचा आहे.

उधळ्या पुत्राचेही तसेच. आपल्याला मजुरांत ठेवावे, अशी विनवणी त्याने वाटेत घोकली होती. ती त्याला पुरी करताच येत नाही. बाप मध्येच नोकरांना झगा आणावयास सांगतो. पुढे थोरला येतो. तो शेतावरून येतो, ही गोष्ट आम्हां शेतकऱ्यांच्या चटकन ध्यानात येते. दिवसभर राबलेल्या माणसाला घरात वाजंत्री का वाजते हे नोकराकडून कळावे, हे काही बरे नव्हे. त्याच्याविषयी मला नेहमीच थोडी कणव वाटत आली आहे. रागाच्या भरात तो धाकट्याला भाऊ म्हणत नाही, बापाचा मुलगा म्हणतो. बाप उत्तर देताना त्याला पुन्हा त्याचा भाऊ करतो. थोरला आत गेला की नाही, हे प्रभूने सांगितलेले नाही.

हा आनंद मनुष्याला झेपण्यासारखा आहे काय? एक उदाहरण आपल्याच काळातले आहे, आणि तेही इंदूरकडचे. होळकरांची ती नगरी मराठी माणसाला परकी नाही. केरळातील पुल्लुवळी गावची सिस्टर राणी मारिया ही फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाची भगिनी उदयनगर येथे आदिवासींत काम करीत होती. सावकाराच्या पाशातून गोरगरीब सुटू लागले, हे धनवंतांना सहन झाले नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला निघालेल्या बसमध्ये समुंदर सिंग नावाच्या तरुणाने तिला सुऱ्याने भोसकले. अंगावर ५४ जखमा होत्या. तिचे वय ४१ वर्षांचे.

समुंदर सिंगला जन्मठेप झाली. तुरुंगात स्वामी सदानंद हे धर्मगुरु त्याला भेटत राहिले. २००२ च्या रक्षाबंधनाच्या सुमारास राणी मारियाची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल त्या तुरुंगात गेली आणि तिने बहिणीच्या मारेकऱ्याच्या मनगटावर राखी बांधली. पुढल्या वर्षी वृद्ध आई केरळाहून आली. तिने त्याचे हात हातात घेऊन त्यांचे चुंबन घेतले. आपल्या लेकीचे रक्त या हातांना लागले आहे, म्हणून.

मी हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. राखी बांधणे कठीण खरे, परंतु कल्पनेत येते. त्या आईने केले ते कल्पनेतही येत नाही. दुसऱ्या कोणी ज्या हातांत केवळ अपराध पाहिला असता, त्यांत तिला लेक सापडली. मुलगा दूर असतानाच धावत सुटलेला तो बाप कसा असेल, हे मला त्या बाईमुळे थोडेसे कळले.

समुंदर सिंग २००६ साली सुटला. तो राणी मारियाच्या घरी केरळात जाऊन आला, तिच्या आईबापांना भेटला. आपल्या शेतातील पीक तो उदयनगरला तिच्या समाधीपाशी अर्पण करू लागला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारियाला धन्य घोषित करण्यात आले.

आमचा भाग २००५ साली स्थापन झालेल्या गुलबर्गा धर्मप्रांतात मोडतो. येथे ख्रिस्ती घरे विरळ. त्यांतली दोन घरे सख्ख्या भावांची असून नांगराच्या एका तासाएवढ्या बांधावरून त्यांचे येणेजाणे तुटले आहे. नाताळच्या मिस्सेला दोघेही येतात, दोन टोकांना बसतात, ख्रिस्तप्रसाद घेतात. येत्या मे महिन्यात धाकट्याच्या घरी लग्न आहे. पत्रिका छापून आल्या आहेत. थोरल्याच्या नावाची एक बाजूला काढून ठेवली आहे आणि ती कोणी न्यावी, यावर घरात बोलणे चालले आहे. धाकट्याजवळ राहणारी त्यांची आई म्हणते, “मला उन्हं उतरू द्या, मी नेते.”