भय आणि हसू

भुताची गोष्ट रंगात आली असताना कोणी खुदकन हसले, की सांगणारा रागावतो. माझे मत मात्र उलट आहे. जी भयकथा ऐकताना एकदाही हसू येत नाही, ती कच्चीच म्हणावी.

पॅरिसच्या नाटकवाल्यांना हे फार पूर्वी उमगले होते. तेथे १८९७ साली एका जुन्या प्रार्थनामंदिरात 'ग्राँ गिन्योल' नावाचे चिमुकले नाट्यगृह निघाले आणि ते १९६२ पर्यंत चालले. एकाच रात्री तेथे अनेक छोटी नाटके होत. एकात रक्तपात, तर दुसऱ्यात निव्वळ प्रहसन! जणू आलटूनपालटून गरम आणि गार पाण्याचे स्नानच. हसून सैल झालेला प्रेक्षक पुढच्या किंकाळीला अधिकच दचके. लहान लहान कथांची माळ ओवणाऱ्या 'आद्रेनालीन' (१९९०) सारख्या फ्रेंच भयपटातही तीच रीत दिसते.

पण पॅरिस कशाला हवे? आमच्या नगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, सदाशिव अमरापूरकर आठवा. 'सडक' (१९९१) मधली त्यांची साडी नेसलेली महाराणी ठसक्यात बोलू लागली, की आधी गंमत वाटते. ते हसू ओठांवर असतानाच अंगावर काटा येतो. त्या भूमिकेने त्यांना खलनायकासाठीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळवून दिला. 'आँखें' (१९९३) मध्ये त्याच चेहऱ्याने लोकांना पोट धरून हसवले.

हे सारे मला पटले ते मात्र आई गेली त्या रात्री. दिल्ली दरवाजाजवळच्या आमच्या घरात तिला माजघरात ठेवले होते. उशाशी समई तेवत होती. धाकटी बहीण गावाहून यायची होती, म्हणून सकाळपर्यंत थांबणे भाग होते. तिच्याजवळ जायला मला धीर होत नव्हता. मध्यरात्री स्वयंपाकघरात भांडे पडले. सगळे जागच्या जागी थिजले. तेवढ्यात मामा हळूच म्हणाले, "अक्का, तू नको उठूस. मांजराला मी हाकलतो."

भांडे वाजले की आई कितीही दमलेली असो, मांजरामागे धावायची! आम्ही हसलो, हसता हसता रडलो. तोवर माजघरात एक प्रेत होते. आता तेथे आई होती. मी उठलो आणि तिच्या पायांवर हात ठेवला.

हसल्याने मरण लहान होत नाही. पण त्याच्याजवळ जाऊन बसता येते. एवढे ज्याला साधले, त्या नाटकवाल्याला मी मोठा कलावंत म्हणेन, आणि आमच्या मामांनाही.