दारातली टेंभुर्णी

एका दिवाळीत ताईचा सॅन होजेहून व्हिडिओ कॉल आला. फराळाच्या गप्पा बाजूला ठेवून ती फोन घेऊन थेट परसात गेली आणि म्हणाली, "बघ माझं झाड!" पानं गळायला लागलेली, आणि फांद्या केशरी फळांनी वाकलेल्या. आम्ही अमरावतीची माणसं. केशरी, गोल काही दिसलं की संत्रंच वाटतं. पण ते होतं पर्सिमन.

ताईनं नर्सरीतून फुयू जातीचं कलम आणून लावलं होतं. तिसऱ्याच वर्षी चार फळं आली आणि आता ती शेजाऱ्यांना पिशव्या भरभरून वाटते. फुयू म्हणे कडक असतानाच सफरचंदासारखं कापून खातात. हाचिया नावाची दुसरी जात मात्र पार लिबलिबीत होईपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर जीभ लाकडासारखी होते.

"म्हणजे आपल्या कच्च्या टेंभरासारखी!" मी म्हटलं, आणि दोघीही हसत सुटलो.

नंतर शोधलं तर कळलं, की हे सख्खंच नातं आहे. पर्सिमन आणि आपली टेंभुर्णी (जिला तेंदू म्हणतात, जिच्या पानाची विडी होते) दोन्ही डायोस्पायरॉस या एकाच वंशातली. त्या ग्रीक नावाचा अर्थ 'झ्यूस देवाचा गहू' असा काहीसा. कच्च्या फळातला तो जीव काढणारा तुरटपणाही दोघांचा सारखाच, टॅनिनमुळे.

मोह आवरला नाही. हिमाचलमधून पर्सिमनचं एक रोप मागवलं. तिकडे कुल्लूच्या बाजूला ह्याच्या बागा आहेत, 'जापानी फल' म्हणतात. ते बिचारं अकोल्याला पोहोचलं, पावसाळ्यात चार पानं फुटली, थंडीत बरं होतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला आणि आठवड्यात काडी झाली. काटेपूर्णेचं नळाचं पाणी येतं ते रोज नाही. त्यात ही परदेशी पाहुणी कुठवर सांभाळणार! असो.

पण त्या निमित्तानं अमरावतीच्या घरची टेंभुर्णी डोक्यात घोळू लागली.

ते झाड आत्यानं लावलं. आत्या १९७१ साली अकोल्याहून, म्हणजे तिच्या सासरहून, माहेरी आली ती कायमचीच. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. तिकडच्यांनी एक दिवस आणून सोडलं. मी तेव्हा अगदी लहान. मला आत्या आधीपासूनच घरात असल्यासारखी वाटायची.

उन्हाळ्यात खेड्यांवरच्या बाया टोपल्यात टेंभरं घेऊन दारावर यायच्या. पिवळी, चिकूच्या चवीची, आत चपट्या बिया. आमच्याकडे अमरावती जिल्ह्यात ह्या फळाचं मोठं नाव. वरूड तालुक्यात टेंभुरखेडा नावाचं गावच आहे. आत्यानं १९७६ च्या पावसाळ्यात त्यातली एक बी डालड्याच्या डब्यात लावली. रोप वीतभर झालं तेव्हा डबा उचलायला गेली, तर उचलेना! मूळ डब्याच्या बुडाच्या भोकातून जमिनीत उतरलं होतं. ओढलं, तुटलं, रोप मेलं. दुसऱ्या वर्षी तिनं बी थेट जमिनीतच पेरली, कुंपणाच्या भिंतीशी.

कुणाला टेंभुर्णी लावायची असेल तर एवढं एकच सांगते. बी जागेवरच लावा, रोप हलवू नका. हे झाड आधी खाली वाढतं, मग वर. पहिली काही वर्षं तर उन्हाळा आला की वरची काडी वाळून जाते. आपल्याला वाटतं गेलं. पाऊस पडला की बुडातून नवी फूट येते. आजी दोनदा ते उपटायला निघाली होती. आत्या म्हणायची, "राहू दे ना, जिती हाये ते."

आणि ती खरंच जगली. पाणी साचू द्यायचं नाही, रोज पाणी घालायचं नाही, खत म्हणजे चुलीची राख आणि पाचोळा. एवढीच सेवा. पण वाढ इतकी सावकाश, की मी दहावी झाले तेव्हा झाड जेमतेम माझ्या डोक्याइतकं होतं. माझ्या लग्नाच्या सुमारास फुलं आली. पांढुरकी, बारीक, झुपक्याझुपक्यांनी. आजी खूश. म्हणाली, आता पुढल्या उन्हाळ्यात टेंभरं! टेंभुर्णीचं फळ पिकायला फुलापासून जवळजवळ वर्ष लागतं, म्हणून आम्ही वाट पाहिली. काही नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही फुलं आली आणि सगळी गळून अंगणभर पसरली.

असं पाच-सहा वर्षं झाल्यावर आजी झाडाला 'वांझोटी' म्हणू लागली. आत्याच्या देखत. आजीच्या मनात काही नसेलही, पण शब्द तोच होता. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, असं झाड दारात ठेवू नये. आत्या तेव्हा अंगण झाडत होती. गळलेली फुलं तिनं गोळा केली, झाडाच्या बुडाशी टाकली आणि आत निघून गेली.

मधल्या काळात अकोल्याहून एक बातमी आली होती. आत्याच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं होतं, आणि दुसरीलाही मूल झालं नव्हतं. बाबांनी ती जेवताना सांगितली. कुणी काहीच बोललं नाही. आजीनं वरणाची वाटी पुढे सरकवली. आजही मला त्या शांततेची लाज वाटते, माझ्यासकट सगळ्यांच्या.

तर आता या वर्षीची गोष्ट. दादाला जुनं घर पाडून बांधायचं आहे. नकाशात गाड्या ठेवायची जागा नेमकी टेंभुर्णीवर येते. शहरात झाड तोडायचं तर १९७५ च्या वृक्ष कायद्यानुसार महापालिकेची परवानगी लागते. तो अर्ज करायला निघाला होता. "फळ तर देत नाही, काय करायचं ठेवून?" हे त्याचं म्हणणं.

एप्रिलमध्ये मी अमरावतीला गेले होते तेव्हा झाड फुललं होतं. फोटो काढून आणले. आमच्या कॉलनीत कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले एक सर सकाळी फिरायला येतात, त्यांना दाखवले. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "अहो, हा नर आहे."

टेंभुर्णीत नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. नराची फुलं बारीक आणि झुपक्यात, मादीचं फूल मोठं आणि एकेकटं. नराला फळ कधी धरतच नाही. फुयूला मात्र नर लागत नाही, ते परागाशिवायच फळतं. आम्ही मात्र नावात 'टेंभुर्णी' आहे म्हणून तिला आयुष्यभर 'ती' म्हणत आलो, आणि फळ न दिल्याबद्दल बोल लावत आलो!

पुढच्या रविवारी पुन्हा अमरावतीला गेले. अकोला-अमरावती रस्ता आता छान झालाय. २०२२ च्या जूनमध्ये ह्याच रस्त्यावर सलग ७५ किलोमीटरची डांबरी लेन १०५ तासांत टाकून गिनीज विक्रम केला होता. पाच दिवसांच्या आत ७५ किलोमीटर रस्ता, आणि आमच्या अंगणातलं झाड ओळखायला जवळजवळ पन्नास वर्षं!

आत्या ओट्यावर मेथी निवडत होती. आता ऐंशीच्या घरात आहे, पण नजर शाबूत आहे. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"नर हाये?"

"हो आत्या."

बराच वेळ ती झाडाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "फुलं त दरसाल येत होते. पाह्यलंच नाही कोनी."

एवढंच. मी ताईच्या फुयूचं सांगितलं, की ते एकट्यानंच फळतं. त्यावर मात्र ती हसली. "बरं हाये बाप्पा त्याचं!"

संध्याकाळी दादा आला तेव्हा तिनं त्याला समोर बसवलं. आत्या दादाला कधी काही मागत नाही. त्या दिवशी म्हणाली, "त्याले बिनफळाचं म्हनून तोडू नोको. जागा पायजेच असंल त तसं सांग, मी आयकीन. पन ते नाव ठेवून नोको तोडू."

दादा काही बोलला नाही. नकाशा अजून बदललेला नाही, आणि अर्जही अजून टेबलावरच आहे. सर सांगतात की टेंभुर्णी तोडली तरी मुळांतून पुन्हा फुटते. पानांसाठी जंगलात झुडपं छाटतात ती ह्याच भरवशावर. पण आम्हाला तो भरवसा आजमावायचा नाही.

मे महिन्यात मी आत्याला टेंभरं नेऊन दिली. तिनं चवीनं खाल्ली, बिया धुऊन राखेत घोळून ठेवल्या आणि पहिल्या पावसानंतर भिंतीशी सहा जागी पेरल्या. डब्यात नाही, थेट जमिनीत. कोणती मादी निघेल ते फुलल्याशिवाय कळणार नाही, आणि फुलायला किती वर्षं लागतील ते तिला चांगलं ठाऊक आहे.

मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाली, तीन उगवल्या.